जुना कार्ब साफ करायचा, नवा घ्यायचा की सीव्ही बसवायचा?

इंदूरच्या छोटी ग्वालटोलीत, म्हणजे स्पेअरच्या बाजारात, कार्ब (पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर) मागितला की दुकानदार आधी गाडीचं नाव विचारतो, पण नुसत्या नावावर घेऊ नका भिया, आरएक्स १०० म्हणा की जुनी बुलेट, इतक्या वर्षांत कोणत्या मिस्त्रीने काय बसवलं असेल कुणास ठाऊक. बॉडीवरची अक्षरं वाचा. मिकुनी कंपनीच्या व्हीएम मॉडेलमध्ये पुढचा आकडा म्हणजे साधारण भोकाचं माप मिलिमीटरमध्ये, जुन्या ३५० बुलेटवर मिकार्बचा व्हीएम २४ असायचा. अक्षरं पुसली असतील तर अ‍ॅक्सिलरेटरची तार बघा. वरच्या झाकणातून आत जाऊन सरळ स्लाइड (हवेची वाट उघडणारा दट्ट्या) उचलते तर स्लाइडवाला, बाजूने बटरफ्लाय (आतली गोल चकती) फिरवते आणि वर रुंद गोल झाकण आहे तर सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी).

साफ करून किट (आतल्या झिजणाऱ्या भागांचा नवा संच) टाकणं सगळ्यात स्वस्त, आणि माझं मत विचाराल तर ओरिजिनल बॉडी शाबूत असेल तर दुसरं काही बघूच नका. फक्त स्लाइड हाताने हलवून बघा, ती आत खडखडत असेल, बॉडी घासली असेल तर बाजूने हवा खेचते, आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनची चाल) कधी वर कधी खाली, मग कितीही जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी) बदला पैसे वाया. (जेटमध्ये पिन घालणाऱ्या मिस्त्रीपासून लांब राहा, भोक मोठं झालं की जेटवरच्या नंबरला काही अर्थ उरत नाही.)

बॉडीच गेली असेल तर त्याच मापाचा नवा स्लाइडवाला घ्या. अगदी स्वस्त कॉपी दिसायला डिट्टो असते पण आतले जेट आपल्या गाडीचे असतीलच असं नाही, घरी आणून आधी नंबर जुळवा.

सीव्हीत स्लाइड व्हॅक्यूमने उठते म्हणून एकदम पिळलं तरी गाडी गुदमरत नाही, चालवायला मऊ वाटते. पण डायफ्राम (स्लाइडवरचा रबरी पडदा) फाटला की स्लाइड उठतच नाही, गाडी पळत नाही, शिवाय जुन्या गाडीला मॅनिफोल्ड (कार्ब आणि इंजिन जोडणारी नळी), फिल्टर, जेटिंग सगळं नव्याने जुळवा. फोर-स्ट्रोकला हौस असेल तर करा, टू-स्ट्रोकला मी तरी नाही लावणार.

ट्यूनिंग इंजिन गरम झाल्यावरच. मिक्श्चरचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिक्श्चर लीन, म्हणजे पेट्रोल कमी. इंजिनच्या बाजूला असेल तर बरोब्बर उलटं, आणि इथेच लोक गडबडतात. या स्क्रूचा परिणाम आयडल आणि थोड्याशा थ्रॉटलपर्यंतच, मधल्या थ्रॉटलला मिसिंग असेल तर नीडलची (स्लाइडला लटकलेली सुई) क्लिप बघा, क्लिप वरच्या खाचेत म्हणजे नीडल खाली, पेट्रोल कमी. मेन जेटचं काम पाऊण थ्रॉटलच्या पुढे, ते गल्लीत कळणार नाही, इंदूर-खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटाच्या चढावर कळेल. तिथे फुल थ्रॉटलला गाडी अडखळली आणि प्लग पांढरट निघाला तर मोठा जेट टाका, टू-स्ट्रोक असेल तर तोवर ताणू नका, पिस्टन चिकटतो.