बी.कॉम., पदवीनंतरचा अनुभव: अभ्यासक्रम बरा, ग्रंथालय उत्तम, अनामत येणे बाकी

तालुक्याच्या गावातलं अनुदानित कॉलेज, तीन वर्षांचं बी.कॉम. विषय, सेमिस्टर, क्रेडिट सगळ्यांना ठाऊक आहेत, ते परत उगाळत नाही. लिहायला बसले ते ग्रंथालयाच्या अनामतीमुळे. पाचशे रुपये. पदवी मिळून कित्येक महिने झाले, पैसे अजून कॉलेजच्याच खात्यात.

ते परत हवेत तर ना-देय दाखला लागतो. त्यावर ग्रंथालय, जिमखाना, एनएसएस आणि प्रयोगशाळा, सगळ्यांच्या सह्या. आता कॉमर्सच्या मुलीचा प्रयोगशाळेशी संबंध काय? पण फॉर्मवर रकाना आहे. प्रयोगशाळेतले म्हणतात, "तुझं नाव आमच्या रजिस्टरला नाही, सही कशी करू?" खिडकीवरचे म्हणतात, "रकाना रिकामा चालत नाही." या हेलपाट्यांत पगार कापला गेला तो वेगळाच.

आता पदवीबद्दल. सध्या एका कर सल्लागाराकडे नोकरी करते. जमा-नावे कॉलेजात पक्कं झालं, ते श्रेय देते. जीएसटी मात्र फरक स्पष्ट करा आणि टिपा लिहा एवढ्यापुरताच होता. 20 तारीख जवळ आली, 3बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचंय आणि दुकानदाराचं खरेदीचं रजिस्टर 2बी शी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीशी, जुळत नाही, तेव्हा काय करायचं हे ऑफिसात शिकले. 'व्यक्तिमत्त्व विकास' कार्यशाळाही झाली होती. पाहुण्यांनी हस्तांदोलन कसं करावं ते शिकवलं. आमच्याकडे येणारे अशील हस्तांदोलन करत नाहीत, बिलांची पिशवी टेबलावर उपडी करतात.

खरा उपयोग झाला तो 'कमवा आणि शिका'चा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते याच तत्त्वावर. आमच्याकडे त्याचं रूप साधं होतं: तास संपले की ग्रंथालयात काम, तासाप्रमाणे पैसे. कपाटं बंद, त्यामुळे मुलं चिठ्ठी देणार आणि आम्ही पुस्तक काढून आणणार. चिठ्ठीवर वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषयवार नंबर, लिहायचा असतो, पण तो लिहितो कोण! "मॅडम, ते निळ्या कव्हरचं, कॉस्टिंगचं" एवढ्यावर शोधायचं. मग विचारायला शिकले: कुठल्या सरांनी सांगितलंय, कुठल्या वर्षाला आहेस, गणितं हवीत की थिअरी? मधल्या रिकाम्या वेळात 891.46 च्या रांगेत, म्हणजे मराठी साहित्याच्या कपाटाशी, उभ्याउभ्या जे वाचलं ते कुठल्याच पेपरात आलं नाही. पगार तुटपुंजा होता, पण मेसचं बिल निघायचं.

आज ऑफिसात वडिलांच्या वयाचे दुकानदार तावातावाने येतात. "काका, हे बिल 2बी मध्ये दिसत नाही. समोरच्याने रिटर्न भरलंय का ते आधी विचारा." हे न घाबरता सांगता येतं ते त्या काउंटरमुळे.

पाचपैकी दोन तारे द्यायचं ठरवून लिहायला बसले होते. पण गेल्या फेरीतली गोष्ट आठवली. एफवायला शिष्यवृत्तीच्या रांगेत माझ्या वतीने बाबा बोलत होते आणि मी फाइल धरून मागे उभी होते. परवा त्याच खिडकीवर मी म्हटलं, "सर, रकाना रिकामा चालत नाही हे लेखी द्या." साहेबांनी चष्मा काढून पाहिलं आणि आत जाऊन या असं सांगितलं. आतही काम झालं नाही, ते सोडा. पण तारे साडेतीन करते. उरलेला दीड अनामत मिळाल्यावर बघू.

आता माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतेय. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अनामत परत करण्याचा नियम काय, आणि मुलांनी न नेलेल्या अनामतींचं होतं काय, एवढंच विचारलंय. दुसरा प्रश्न जास्त झोंबेल असं वाटतं.

यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या फीची पावती सांभाळा. अनामत त्याच पावतीवर असते आणि ती मूळ प्रतच मागतात. छपाई थर्मल कागदावर असेल तर आजच झेरॉक्स काढून ठेवा. माझ्या पावतीवरची शाई उडत चालली आहे, आकडा उन्हात धरला तरच दिसतो.