गिरीराज, कडकनाथ आणि आईच्या गावठी : १४ महिन्यांची वही

गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात महिन्याभराची पिल्लं आणली, १२ गिरीराज आणि ८ कडकनाथ. आईच्या ५ गावठी कोंबड्या आणि त्यांचा एक कोंबडा घरात होताच. घर संगमेश्वर तालुक्यात, मागे काजूची बाग, बाजूला वहाळ. परसात सोडायला कुठल्या कोंबड्या घेऊ, हे हल्ली बरेच जण विचारतात. मी रोजची अंडी वहीत मांडत आलोय, त्यातलंच इथे लिहितो. आकडे माझ्या परसातले आहेत, तुमच्याकडे उन्नीस-बीस होणारच.

आधी जातीचा घोळ. गिरीराज ही जात नव्हे, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने परसातल्या पालनासाठी तयार केलेला संकर. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाचा वनराजाही त्याच पंगतीतला. कडकनाथ, म्हणजे कातडी, जीभ आणि मांसही काळं असलेली कोंबडी, मात्र खरी जात. मध्य प्रदेशात झाबुआकडच्या भिल्ल-भिलालांनी ती पिढ्यान् पिढ्या सांभाळली, कर्नालच्या पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे तिची नोंद आहे आणि २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकनही मिळालं. आईच्या कोंबड्या कुठल्या जातीच्या असं विचारलं, तर ती म्हणते, "आपल्या."

अंड्यांत गिरीराजला तोड नाही. साडेपाच महिन्यांत तलंगा (तरुण कोंबड्या) अंड्यावर आल्या. एप्रिल ते डिसेंबर ६ कोंबड्यांची मिळून ६१८ अंडी झाली, म्हणजे एकीची शंभराच्या वर. कडकनाथच्या ४ कोंबड्यांनी मे ते डिसेंबर २१४ दिली. गावठीचं मोजणं वेगळंच. बारा-पंधरा अंडी घालायची, खुडूक व्हायचं (अंडी उबवायला बसायचं), मग दोन-तीन महिने सुट्टी.

पण गिरीराजचं अंडं मोठं आणि तपकिरी. पहिल्या आठवड्यात आठवडा बाजारात एका बाईंनी ते हातात घेऊन फिरवलं आणि "हे बॉयलरचं" म्हणून परत ठेवलं! दिवसभर बागेत किडे टिपणाऱ्या कोंबडीचं अंडं ते. शेवटी गावठी अंड्याला १५ रुपये मिळाले तिथे याला १० वर समाधान मानलं. कडकनाथचं ३० ला गेलं, तेही रत्नागिरीतली दोन ओळखीची घरं होती म्हणून. आणि हो, कडकनाथचं अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं. हे मी निदान पन्नास जणांना सांगितलं असेल. काहींचा चेहरा असा पडतो की जणू मीच फसवलं.

खाद्याचं सांगायचं तर गिरीराज खादाड. संध्याकाळी कण्या आणि मॅश टाकला नाही तर अंडी लगेच घटतात. गावठी दारात काही न टाकताही भागवून घेते.

आता मुंगूस. जड कोंबडी म्हणजे त्याच्यासाठी वाढलेलं ताट. गिरीराजची दोन तलंगं भरदुपारी वहाळाच्या काठावर गेली, एक कुत्र्याने नेलं. गावठी धोका दिसताच ओरडत आंब्याच्या फांदीवर. गिरीराज दोन पावलं धावते आणि उभी राहून बघते. कडकनाथ उडण्यात गावठीच्या जवळपास. त्यातलं एक गेलं ते पावसात, आजाराने. पायाखाली ओल राहिली की पिल्लांना रक्ती हगवण लागते, हे आमच्याकडे जून-जुलैत शिकायला मिळतंच. तेव्हापासून खुराड्यात भाताचा तूस टाकतो आणि दर चार दिवसांनी बदलतो.

मानमोडीचं, म्हणजे राणीखेत रोगाचं, मात्र तिन्हींना सारखंच. गावठीला रोग होत नाही, हा समज आईचाही होता, जरी दर तीन-चार वर्षांनी एकदा सगळं खुराडं रिकामं झालेलं तिनेच पाहिलंय. लासोटा या मानमोडीच्या लसीची बाटली १०० डोसांची येते आणि एकदा कालवली की दोन-अडीच तासांत संपवावी लागते. माझी पाखरं पंचवीस. मग आदल्या दिवशी वाडीत निरोप दिला आणि संध्याकाळी सगळी जण डालगी डोक्यावर घेऊन आमच्या अंगणात. थेंब डोळ्यात घालायचं काम माझ्या भाचीकडे होतं. महिनाभराने मानमोडीच्याच आर-टू-बी लसीचं इंजेक्शनही असंच वाडीत मिळून केलं. गेल्या पावसात वाडीत मानमोडीने एकही कोंबडी गेली नाही.

पिल्लं काढण्याच्या बाबतीत संकर हरतो. माझी एकही गिरीराज १४ महिन्यांत खुडूक झाली नाही. म्हणून तिची ६ अंडी गावठीखाली ठेवली. २१व्या दिवशी ५ पिल्लं निघाली, पण वाढली ती एकेक तऱ्हेची. एक बापासारखं दांडगं, दोन बारकी, रंगही भलतेच. संकराचा जोर पुढच्या पिढीत असाच विस्कटतो, त्यामुळे गिरीराज पाळायची तर पिल्लं पुन्हा विकतच आणावी लागणार.

कडकनाथचा अनुभव यापेक्षा चावट. घेताना आठही पिल्लं काळी होती. तीन महिन्यांनी एकाची जीभ गुलाबी निघाली. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "ऊन लागलं की काळी होईल." संकराची पिल्लंही काळी दिसतात का, याचं तेव्हापासून कुतूहल होतं, म्हणून सप्टेंबरात आईची पिवळ्या पायांची तांबडी कोंबडी तीन आठवडे कडकनाथ कोंबड्याबरोबर वेगळी कोंडली आणि मग अंडी बसवली. ८ पिल्लं झाली. आज त्यातल्या ५ माद्यांची कातडी जवळजवळ कडकनाथइतकी काळी आहे, ३ नर फिके. पिवळ्या पायांच्या कोंबडीत काळेपणा दाबणारं एक जनुक असतं आणि ते आईकडून फक्त नर पिल्लांनाच मिळतं. म्हणजे या पाच माद्या मी उद्या बाजारात नेल्या, तर अर्ध्याहून जास्त लोक त्या कडकनाथ म्हणून घेतील. पिल्लाची चोच उघडून जीभ बघा, पण तेवढ्याने खात्री होत नाही; आई-बाप दोन्ही दाखवा म्हणावं. २०१९ मध्ये सांगलीकडे कडकनाथच्या नावावर किती शेतकऱ्यांचे पैसे बुडाले ते आठवत असेलच. मांस मात्र चवीला खरंच वेगळं. पाच महिन्यांत किलोभरच भरतं, आणि शिजायला वेळ लागतो.

अंडी खायची-विकायची असतील आणि दोन वर्षांनी नवी पिल्लं आणायची तयारी असेल, तर मी गिरीराजच सांगेन. चोच उघडण्याची आणि आई-बाप बघण्याची खटपट झेपत नसेल, तर कडकनाथच्या नादी लागू नका. गावठी तीन तरी हव्यातच, नाहीतर अंड्यांवर बसणार कोण?

फेब्रुवारीसाठी १० गिरीराज पिल्लं सांगून ठेवली आहेत. आईची तांबडी कालपासून पुन्हा खुडूक आहे. तिच्याखाली यावेळी कोणाची अंडी ठेवायची, यावरून घरात दोन तट पडलेत.