3,400 रुपये टनाची माती

भोगीच्या रात्री साडेअकराला कोंबडखताचा डंपर आमच्या वस्तीवर आला. थंडी कडाक्याची. ड्रायव्हर खाली उतरायच्या आधीच म्हणाला, "जागा दावा पटकन, उद्या गड्ड्याच्या जत्रेला जायचंय." मी बॅटरी घेऊन बांधाकडची जागा दाखवली. हौदा वर गेला, फाळका उघडला आणि पाच मिनिटांत ढीग पडला. ढिगातून नुसत्या वाफा निघत होत्या. बरोबर आलेल्या दलालाने शेकोटीवर धरावेत तसे दोन्ही हात त्या वाफेवर धरले. "बघा दादा, कसा गरम माल हाय. ताकद म्हंत्यात ती हीच." मला पटलं. इसाराचे 20,000 आधीच रोख दिले होते. राहिलेले 32,360 मी तिथंच उभ्या उभ्या फोनवरून पाठवले.

आज सगळ्यात जास्त राग त्या वाफेचा येतो. कुजून झालेला ढीग थंड असतो, तापलेला ढीग म्हणजे कुजायचं काम अजून चालू आहे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण रात्र होती, माणूस गोड बोलत होता आणि बागेला पाणी सोडायची तारीख डोक्यावर होती.

मोहोळ तालुक्यात माझी तीन एकर भगव्या डाळिंबाची बाग आहे. चौदा बाय दहा फुटांवर लागण, सव्वानऊशेच्या आसपास झाडं, मुरमाड रान. खालच्या बाजूला दोन एकर ऊस. आंबे बहार, म्हणजे जानेवारीत पाणी सोडून फुलवायचा बहार, धरतो. डिसेंबरात पाणी तोडून ताण, मग छाटणी, पानगळ, खतभरणी आणि संक्रांतीच्या आगंमागं पहिलं पाणी. दावणीला सहा जनावरं होती तेव्हा घरचं खत पुरायचं. आता एकच म्हैस आहे, आणि तिचं शेण उकिरड्यावर पोचायच्या आत आई गोवऱ्या थापून मोकळी होते. विकतच्या शेणखताच्या ट्रॉलीत निम्मं तणाचं बी येतं. म्हणून कोंबडखताकडे वळलो.

कागदावर कोंबडखत भारीच आहे. शेणखतात नत्र अर्धा टक्का धरतात, कोंबडखतात तीन टक्के. स्फुरद अडीच टक्क्यांच्या वर, पालाश दीडच्या आत. चांगल्या एका टनात 30 किलो नत्र आलं. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत जवळपास 21 किलो असतं, म्हणजे दीड गोणीचा ऐवज, आणि स्फुरद नि सेंद्रिय कर्ब वरकमाई. झाडाला आठ-नऊ किलो टाकायचं आणि राहिलेलं उसाला, असा हिशेब मांडून बसलो होतो.

दलालाचा नंबर डाळिंबवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाला. 'ब्रॉयलरचं कुजलेलं कोंबडखत, काटा करून, शेतात पोच.' फोन केला तर पाच मिनिटांत सहा फोटो आले, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी विठ्ठलाचा फोटो. माणूस माळकरी वाटला.

माल दाखवायला त्याने मला बेगमपूरचा पूल ओलांडून मंगळवेढ्याच्या बाजूला एका शेडवर नेलं. कोंबड्यांची बॅच नुकतीच निघालेली होती, खाली साळीच्या तुसाची गादी तशीच पडलेली. शेडच्या मागं पत्र्याखाली जुना ढीग होता. मूठभर उचलून बघितलं. कोरडं, भुसभुशीत, चहापत्तीसारखा रंग, तूस ओळखूसुद्धा येत नव्हतं, वास पहिल्या पावसात मातीला येतो तसा. असलं खत मिळालं तर दरात घासाघीस करायचं पाप कोण करेल? त्याच ढिगातून त्याने पिशवीभर नमुना दिला. मालक कुठंयत विचारलं तर "सोलापूरला गेल्यात". शेडवरच्या गड्याने आम्हाला रामराम केला, दलालाने त्या गड्याच्या पोराच्या हातावर दहाची नोट ठेवली. खरं सांगायचं तर मी त्या दहाच्या नोटेला भुललो. शेडवरच्या पोराला खाऊला पैसे देतो म्हणजे हा इथला रोजचा माणूस, असं मी धरून चाललो.

दर ठरला 3,400 रुपये टन, पोच. काटापावती आली 15 टन 400 किलोची. ती मी पाकिटात ठेवून दिली, वाचली नाही.

किंक्रांत झाल्यावर चौथ्या दिवशी भरणी सुरू केली. झाडाभोवती चर काढून पाट्यांनी खत टाकत होतो. दुपारी कामावरच्या मावशी पदर नाकाला लावून माझ्याकडे आल्या. "दादा, डोळं लई झोंबत्यात. ह्ये खत कच्चं हाय." मी म्हणालो, मावशी, कोंबड्याचं आहे, वास यायचाच. मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पाटी उचलली. त्या दिवशी सहा ओळी झाल्या, 180 झाडं. संध्याकाळी त्या ओळींचे ठिबकचे व्हॉल्व्ह सोडले, म्हटलं खत मुरू दे.

कोंबडीला वेगळं मूत्र नसतं. विष्ठेवर जो पांढरा थर दिसतो ते युरिक आम्ल, आणि ताज्या विष्ठेतल्या नत्राचा मोठा वाटा त्यातच असतो. ओल मिळाली की त्याचा अमोनिया होतो. आमच्याकडची रानं चुनखडीची, सामू (pH) आधीच चढा, त्यात तो वायू आणखी जोरात सुटतो. डोळे झोंबतात ते त्यानेच. आणि डोळ्याला जे झोंबतं ते पांढऱ्या मुळीला सोसेल होय?

दुसऱ्या दिवशी सकाळी ढिगातून पाटी भरताना फावड्याला एक ढेकूळ लागलं. फोडलं तर आत काळी माती, आणि मातीत हरळीची मुळी. आता तुसाच्या गादीवर कोंबड्या वाढतात त्या शेडमध्ये हरळी कुठून येणार? मी तिथंच काम थांबवलं.

घरात कॉफीची रिकामी बरणी होती. तीत तीन मुठी खत टाकलं, पाणी भरलं, हलवून ओट्यावर ठेवली. तासाभराने वर तुसाचा थर तरंगत होता, मधे चहासारखं पाणी, आणि तळाला तीन बोटं काळी माती. मग पहिल्या नमुन्याच्या पिशवीतलं उरलेलं घेऊन दुसऱ्या बरणीत तेच केलं. तळाला जेमतेम अर्धं बोट गाळ. दोन्ही बरण्या आठवडाभर ओट्यावर होत्या. येणारा-जाणारा विचारायचा आणि आई प्रत्येकाला माझ्या हुशारीची कथा पहिल्यापासून सांगायची.

मग वजनाकडे वळलो. रंगाची 20 लिटरची बादली त्या ढिगातून भरून डाळिंबाच्या क्रेटच्या काट्यावर ठेवली. बादली वजा करून 16 किलो. चांगलं कोरडं ब्रॉयलरचं खत किती भरतं ते पुढं त्याच शेडवर जाऊन मोजलं, तीच बादली साडेनऊ किलो भरली. तूस हलकं असतं. कोरड्या खताचा ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, दीड टनाच्या आत-बाहेर बसतो. मातीचा ब्रास त्याच्या अडीचपट तरी भरतो, आणि पाणी तर फुकटच. मी एक किलो खत कागदावर पसरून दोन दिवस उन्हात ठेवलं, ते 600 ग्रॅमवर आलं. शिंपून आणलं होतं. आता कळलं डंपर रात्रीच का आला. दिवसाउजेडी फाळक्यातून ठिबकणारं पाणी दिसलं असतं.

एवढं झाल्यावर काटापावती वाचली. भरल्या गाडीची तारीख भोगीची, रिकाम्या गाडीची तीन दिवस आधीची. त्या रात्री रिकामी गाडी काट्यावर गेलीच नव्हती, जुनं वजन वापरलं होतं. डंपरचा हौदा आम्ही नंतर तसल्याच एका गाडीला मोजपट्टी लावून मोजला, 18 बाय 7 बाय 5 फूट, म्हणजे सहा ब्रासवर थोडं. बादलीच्या हिशेबाने त्यात चौदा-सव्वाचौदा टनच बसतं. म्हणजे माती झाली, पाणी झालं, आणि वर हजारभर किलो नुसत्या हवेचे पैसेही दिले. मंगळवेढ्याची काळी माती ज्वारीसाठी नावाजलेली आहे. मी ती, निदान तिच्यासारखी दिसणारी, 3,400 रुपये टनाने मुरमाडावर आणून टाकली. एवढं करून रानाची प्रत सुधारली म्हणावं तर तेही नाही.

शेडवर गेलो तेव्हा मालक भेटले. भला माणूस. कंपनीकडून पिल्लं आणि खाद्य घेऊन कराराने पक्षी वाढवतात, खत त्यांचं स्वतःचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाव्हणं, मी त्याला पाटीभर खत इकलेलं नाही. त्यो दर महिन्याला कुणाला तरी घिऊन येतो, माल दावतो आन् जातो." गड्याला वाटायचं मालकाचं गिऱ्हाईक, मालकाला वाटायचं गड्याच्या ओळखीचा. त्या पत्र्याखालच्या ढिगाने किती जणांना गंडवलं असेल, त्या ढिगाला काही पत्ता नाही.

दलालाला फोन लावला. पहिल्या दिवशी "दादा, माल बदलून देतो, माझं नाव खराब नको". दुसऱ्या दिवशी "गाडीवाल्याने मधे काहीतरी घोळ केला". चौथ्या दिवसापासून फोन वाजतो, उचलत नाही.

तक्रारीचं काय झालं ते लांबवत नाही. माझ्याकडे बिल नव्हतं. होतं ते मधल्या कुठल्या तरी काट्याची पावती आणि फोनवरून पाठवलेल्या पैशाची नोंद, वीस हजारांची तर तीही नाही. कृषीवाल्या साहेबांनी समजावून सांगितलं ते पटलं. पोतीबंद सेंद्रिय खत 1985 च्या खत नियंत्रण आदेशात येतं, पोत्यावर घटक छापावे लागतात, निरीक्षक नमुना घेऊ शकतो. सुट्या डंपरवर ना नाव ना गाव, ते नमुना घेणार कुणाच्या नावाने? ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते असं एका वकिलाने सांगितलं. पण आधी त्या माणसाचा पत्ता पाहिजे. मी जो पत्ता ओळखतो तो दुसऱ्याच्या शेडचा.

बागेचं सांगतो. महिन्याभरात बाकीच्या झाडांना लालसर पालवी आणि कळीचे गेंद दिसायला लागले. त्या सहा ओळी मागं पडल्या. जी पालवी आली तिचे शेंडे करपलेले, जणू कुणी उदबत्ती लावत गेलंय. ड्रिपरखाली बोटाने उकरलं तर पांढरी मुळी तांबूस, ओढली की साल हातात. खत बाहेर काढलं, दोन वेळा मोकळं पाणी दिलं. 31 झाडं त्या बहारात कामातून गेली, बाकीची जगली पण माल निम्म्यावर. बादलीचा हिशेब कागदावर करता येतो, याचा मी अजून केलेला नाही. करायची हिंमत होत नाही.

माश्यांचं वेगळंच. ओला ढीग आणि जानेवारीचं ऊन, आठ दिवसांत वस्तीवर ताट वाढायची सोय राहिली नाही. शेजारच्या आबांशी वीस वर्षांत पहिल्यांदा वाजलं. त्यांची चूक नव्हती.

राहिलेल्या ढिगाचं मी पुढं खत केलं. पैसे दिलेत, टाकून कसं द्यायचं? उसाचं पाचट तुकडे करून थर दिले, मधे मधे सुपर फॉस्फेट टाकलं, त्याने अमोनिया थोडा धरून राहतो. दर पंधरा दिवसांनी पालटलं. पहिल्या पालटणीला ढिगात पहार खुपसून दहा मिनिटांनी ओढली तर हातात धरवेना. एप्रिलच्या शेवटी तीच पहार थंड निघाली, वास गेला, माश्या गेल्या. ते उसाला टाकलं. ऊस बरा आहे. निम्मी मातीच असल्यामुळे जास्त अपेक्षाही नव्हती.

यंदा खत घेतलं ते त्याच शेडमालकांकडून, पोत्यात, ऑक्टोबरमध्येच, म्हणजे कच्चं निघालं तरी कुजवायला अडीच महिने हातात. स्वतः उभं राहून भरलं, दिवसा. रंगाची बादली आणि काटा बरोबर नेला. गाडी आधी रिकामी काट्यावर घातली, मग भरून, आणि दोन्ही वेळा मी केबिनमधून खाली उतरलो होतो. मालक हसले, म्हणाले, तुम्ही तर आता सोन्याच्या दुकानात बसायला पाहिजे. बिलबुक त्यांच्याकडे नव्हतं. वहीच्या कागदावर माल कुठला, किती, कितीला, एवढं लिहून सही घेतली, त्यांनी आनंदाने दिली. तोच कागद मागितल्यावर जो कुरकुर करेल त्याच्या मालाकडे मी आता वळूनही बघणार नाही. दर पोत्यावर ठरवला, टनावर नाही. पोत्यात पाणी घालून विकणाऱ्याचा काही फायदा होत नाही, उलट ओझं वाढतं.

दलालाचा नंबर मी अजून काढून टाकलेला नाही. फोन उचलत नाही, पण सकाळी साडेसहाला विठ्ठलाचा फोटो न चुकता येतो. परवा एकादशीला दोन आले.