रे ट्रेसिंग की रेडिओसिटी: डोळा कशाला फसतो?

संगणकावर खरी वाटणारी चित्रं काढण्याच्या या दोन पद्धती. १९८० मध्ये संगणकशास्त्रज्ञ टर्नर व्हिटेड यांनी मांडलेलं रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढणारं) काचेचा गोळा, आरसा झकास दाखवतं. सावल्या मात्र सुरीने कापल्यासारख्या. १९८४ ची अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची रेडिओसिटी (पृष्ठभाग एकमेकांवर किती उजेड टाकतात, त्याचा हिशेब) उलट. चकाकी तिला जमत नाही, पण लाल भिंतीचा रंग शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर हलकेच उतरतो, अंगणातल्या उन्हाचा उजेड ओसरीत झिरपावा तसा. १९८६ मध्ये कॉर्नेलच्याच मंडळींनी खरी पेटी आणि तिचं रेडिओसिटीने काढलेलं संगणकचित्र लोकांना शेजारी-शेजारी दाखवलं. खरं कोणतं, हे ओळखताना लोकांचा निव्वळ अंदाजपंचे कारभार! (पेटी साधी, बिनचकाकीच्या रंगाची होती, हेही खरं.) खोलीच्या चित्रासाठी माझं मत रेडिओसिटीला. दागिन्यांसाठी मात्र रे ट्रेसिंगच.