बीबीए आणि मार्केटिंग ॲनालिटिक्स: सलग पाच वर्षं की तीन अधिक एक?

मार्केटिंगमध्ये जायचं, पण जाहिराती लिहायला नाही. त्या जाहिरातीमुळे खरोखर किती माल खपला हे शोधायला. असं ज्या मुलामुलींचं बारावीनंतर ठरलेलं असतं, त्यांच्या घरी दोन रस्त्यांची चर्चा चालते. पहिला रस्ता असा, की बारावी झाली की अमेरिकेला जायचं आणि एकाच विद्यापीठातून बिझनेसची पदवी आणि मार्केटिंग ॲनालिटिक्सची मास्टर्स सलग पाच वर्षांत पूर्ण करायची. तिकडे याला ‘फोर प्लस वन’ म्हणतात. दुसरा रस्ता, बीबीए किंवा बीएमएस मुंबई-पुण्यात करायचं आणि फक्त मास्टर्ससाठी तिकडे जायचं, म्हणजे तीन अधिक एक. शेवटी हातात पडणारी मास्टर्स तीच असते, बऱ्याचदा वर्गही तोच. फरक पडतो तो पैशात, नोकरी शोधायला मिळणाऱ्या वेळेत आणि गणिताच्या तयारीत.

माझं मत आधीच सांगतो. भारतातून जाणाऱ्या बहुतेकांसाठी दुसरा रस्ता चांगला, आणि मध्ये दोन वर्षं नोकरी केली तर फारच चांगला. पहिला रस्ता खऱ्या अर्थाने उपयोगाचा आहे तो अमेरिकेतच वाढलेल्या मराठी मुलांना, किंवा ज्यांना भरघोस शिष्यवृत्ती मिळाली आहे त्यांना.

पाच वर्षांत नेमकी बचत कशाची?

अमेरिकेत पदवीला साधारण १२० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून ठरणारं विषयाचं वजन) लागतात आणि मार्केटिंग ॲनालिटिक्सच्या मास्टर्सला ३० च्या आसपास. दोन्ही वेगवेगळ्या केल्या तर १५० होतात. फोर प्लस वनमध्ये मास्टर्सचे काही विषय पदवीच्या शेवटच्या वर्षातच घेता येतात आणि ते दोन्हीकडे धरले जातात. बहुधा ९ ते १२ क्रेडिटना ही सवलत असते. समजा १२ क्रेडिट वाचले आणि एका क्रेडिटची फी १,५०० डॉलर असली, तर १८,००० डॉलर वाचले. बोस्टनजवळच्या बेंटलीसारख्या विद्यापीठात बिझनेसची पदवी आणि मार्केटिंग ॲनालिटिक्सची मास्टर्स दोन्ही एकाच आवारात आहेत. अशा ठिकाणी स्वतःच्या विद्यार्थ्याला जीमॅट किंवा जीआरई ही प्रवेश परीक्षा बऱ्याचदा माफ असते. ठरावीक जीपीए (गुणांची सरासरी) राखला की पुरतं.

आणखी एक फायदा माहितीपत्रकात ठळक दिसत नाही. पूर्णवेळ पदवी विद्यार्थ्याला अनेक विद्यापीठं सत्राची एकच ठोक फी लावतात, मग त्याने १२ क्रेडिट घेवोत की १७. चौथ्या वर्षी त्याच ठोक फीत मास्टर्सचे विषय बसले आणि पदवीची शिष्यवृत्ती त्यांनाही लागू झाली, तर बचत आणखी वाढते. उलट बाजूही बघायला हवी. गुणवत्ता शिष्यवृत्ती बहुतेक ठिकाणी आठ सत्रांपुरतीच असते. पाचव्या वर्षी विद्यार्थी ‘ग्रॅज्युएट’, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत पदव्युत्तर, गटात जातो, ती शिष्यवृत्ती थांबते आणि पूर्ण फी अंगावर येते. पहिल्या चार वर्षांच्या सवलतीवर हिशेब मांडलेल्या घरांना हा धक्का जोराचा बसतो.

आता मूळ रकमेकडे बघू. खासगी विद्यापीठात फी, राहणं, जेवण धरून वर्षाला ७५ ते ८० हजार डॉलर ही आता नेहमीची गोष्ट झाली आहे. सवलत नसेल तर चार वर्षांचे ३ लाख डॉलर, म्हणजे ८५ रुपयांच्या भावानेही अडीच कोटींच्या वर. पाचव्या वर्षी वाचणारे १८,००० डॉलर या आकड्यासमोर ठेवले, की बचत म्हणजे नक्की काय ते कळतं. मुंबई-पुण्यात बीबीए-बीएमएसची फी लाखांत मोजतात. तीन वर्षं इथे आणि एक तिकडे, यात घर गहाण टाकायची वेळ येत नाही. आली तरी एका वर्षासाठी येते.

तीन वर्षांच्या पदवीचा प्रश्न

‘आपली पदवी तीन वर्षांची, तिकडे चालेल का?’ ही शंका रास्त आहे. काही अमेरिकी विद्यापीठं अजून सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. बऱ्याच बिझनेस स्कूलनी तीन वर्षांची भारतीय पदवी स्वीकारायला सुरुवात केली आहे, काही ठिकाणी कॉलेजच्या नॅक श्रेणीची अट घालून. नव्या शैक्षणिक धोरणात आणखी एक वाट आहे: तीन वर्षांत १२० क्रेडिट झाल्यावर चौथं वर्ष ऑनर्सचं, एकूण १६० क्रेडिट. पण केवळ अमेरिकेसाठी म्हणून चौथं वर्ष करू नका. ज्या पाच-सहा विद्यापीठांत जायचं आहे त्यांच्या प्रवेश कार्यालयांना आधी ईमेल करा. तीन वर्षांची पदवी चालत असेल तर ते एक वर्ष नोकरीत घालवणं केव्हाही चांगलं.

उन्हाळा कुणाला मिळतो?

इथे मात्र पाच वर्षांचा रस्ता स्पष्टपणे सरस ठरतो आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं.

अमेरिकेत पहिली नोकरी बहुतेकदा उन्हाळी इंटर्नशिपमधून मिळते. फोर प्लस वनच्या विद्यार्थ्याला चार उन्हाळे मिळतात. तिसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा सर्वांत मोलाचा, कारण तिथूनच कंपन्या पुढच्या नोकरीचे प्रस्ताव देतात. त्याच्याकडे प्राध्यापकांची ओळख असते, माजी विद्यार्थ्यांचे फोन नंबर असतात, मुलाखतीत कसं बोलायचं याचा सराव असतो.

इथून फक्त मास्टर्सला गेलेली मुलगी ऑगस्टमध्ये उतरते. घर शोधणं, बँक खातं, थंडीचे कपडे, पहिला असाइनमेंट, आणि सप्टेंबरमध्येच मोठ्या कंपन्यांच्या भरतीला तोंड फुटलेलं. अभ्यासक्रम नऊ-दहा महिन्यांचा असेल तर मध्ये उन्हाळा येतच नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आवाराबाहेरची इंटर्नशिप साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावरच करता येते, तोवर अशा छोट्या अभ्यासक्रमाची पदवीच हातात येते. म्हणून मास्टर्स निवडताना दहा महिन्यांच्या जलद अभ्यासक्रमापेक्षा पंधरा-सोळा महिन्यांचा, मध्ये उन्हाळा असणारा निवडावा, असं मी आग्रहाने सांगतो. फी थोडी वाढते. पण तो एक उन्हाळा हातचा गेला तर त्याची भरपाई दुसऱ्या कशाने होत नाही.

कामाची परवानगी

शिक्षणानंतर एफ-१ विद्यार्थ्याला १२ महिने काम करता येतं, त्याला ओपीटी म्हणतात. पदवी सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतली असेल तर आणखी २४ महिने, म्हणजे एकूण तीन वर्षं. ही तीन वर्षं फक्त मास्टर्सला गेलेल्यालाही मिळतात आणि पाच वर्षं राहिलेल्यालाही तेवढीच.

इथे एक बारकावा आहे. ओपीटी शिक्षणाच्या प्रत्येक पातळीला एकदा मिळते: बॅचलर्सला एकदा, मास्टर्सला एकदा. फोर प्लस वनमध्ये चौथ्या वर्षानंतर लगेच पाचवं सुरू झालं, किंवा दोन्ही पदव्या शेवटी एकत्रच दिल्या गेल्या, तर बॅचलर्सची ओपीटी वापरता येत नाही आणि नंतर मागताही येत नाही. चार वर्षांचे पैसे मोजून मिळालेला हक्क असा हातातून जातो. त्यामुळे बॅचलर्सची पदवी कोणत्या तारखेला प्रदान होणार हे लेखी विचारा.

अभ्यासक्रमाच्या नावात ‘ॲनालिटिक्स’ आहे म्हणून तो स्टेम असेलच असंही नाही. प्रत्येक अभ्यासक्रमाला त्याचा विषय सांगणारा एक सीआयपी कोड असतो आणि तोच विद्यार्थ्याच्या आय-२० फॉर्मवर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर, छापला जातो. साध्या मार्केटिंगचा कोड स्टेम यादीत नाही. बिझनेस स्टॅटिस्टिक्स, मॅनेजमेंट सायन्स आणि २०२२ मध्ये यादीत आलेलं बिझनेस ॲनालिटिक्स यांचे कोड आहेत. कोडमधल्या फरकाने दोन वर्षांचा फरक पडतो.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत ६५,००० जागा सर्वसाधारण आणि २०,००० अमेरिकी मास्टर्स झालेल्यांसाठी आहेत. त्यातही तीन अधिक एकवाला मागे राहत नाही, कारण अट मास्टर्सची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून आणायच्या नव्या एच-१बी कर्मचाऱ्यामागे १ लाख डॉलरची रक्कम लागू झाली, आणि २०२६ च्या सोडतीपासून वरच्या पगारश्रेणीच्या अर्जांना जास्त वजन आहे. हे नियम वारंवार बदलताहेत. आजच्या नियमांवर पाच वर्षांची रक्कम लावण्यापेक्षा एक-दीड वर्षाची लावणं मला शहाणपणाचं वाटतं. शिवाय आधी नोकरी केलेल्याला वरचा पगार मिळण्याची शक्यता जास्त.

खरी परीक्षा संख्याशास्त्राची

घरातल्या चर्चेत हा मुद्दा सगळ्यात मागे राहतो. माझ्या मते तो पहिला हवा.

एका शाम्पू कंपनीने वर्षभर टीव्हीवर, यूट्यूबवर आणि दुकानातल्या सवलतीवर पैसे खर्च केले. विक्री वाढली. कशामुळे किती वाढली? दिवाळी होती म्हणून, प्रतिस्पर्ध्याचा माल बाजारात नव्हता म्हणून, की जाहिरातीमुळे? हे वेगळं करून सांगणं म्हणजे मार्केटिंग मिक्स मॉडेलिंग, आणि त्याच्या मुळाशी रिग्रेशन आहे, म्हणजे एका गोष्टीवर इतर गोष्टींचा किती परिणाम होतो ते काढायची संख्याशास्त्राची पद्धत. ग्राहक किमतीला किती महत्त्व देतो आणि बाटलीच्या आकाराला किती, हे काढायला कॉन्जॉइंट विश्लेषण आहे. नवी वस्तू बाजारात कशी पसरत जाते याचं फ्रँक बास यांचं मॉडेल १९६९ चं आहे आणि आजही शिकवलं जातं. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर ग्राहकाचा माग काढण्याआधी त्याची परवानगी घेणं सक्तीचं केलं, तेव्हा व्यक्तीगणिक माग काढणारी बरीच साधनं लंगडी पडली आणि जुनं मिक्स मॉडेलिंग पुन्हा मागणीत आलं. भारतातही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आहे. साधनं दर दोन-चार वर्षांनी बदलतात, रिग्रेशन मात्र तिथेच राहतं.

बीबीए-बीएमएसमध्ये संख्याशास्त्राचे एक-दोन पेपर असतात. अमेरिकी बिझनेस पदवीतही सक्तीचा भाग फार मोठा नसतो. म्हणजे तयारी दोन्हीकडे स्वतःच वाढवावी लागते. फोर प्लस वनमध्ये मास्टर्सच्या पातळीचं गणित चौथ्या वर्षीच समोर येतं, आणि अर्ज बहुधा त्याच्याही आधी, तिसऱ्या वर्षात करायचा असतो. वीस वर्षांच्या मुलाला रोज एसक्यूएल आणि पायथन या संगणकाच्या भाषा घेऊन बसायला आवडेल का, हे त्या वयात त्यालाही ठाऊक नसतं.

इथे राहणाऱ्यासाठी मात्र एक फार चांगली सोय आहे. २०२२ पासून यूजीसी एकाच वेळी दोन पदव्या करू देते, आणि आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम कॉमर्सच्या विद्यार्थ्यालाही खुला आहे. त्याच्या पायाभूत पातळीतच गणित, संख्याशास्त्र आणि संगणकीय विचार येतात. बीबीएबरोबर तेवढी पातळी जरी पार केली, तरी आवड आहे की नाही याचं उत्तर अगदी थोड्या पैशांत मिळतं. आवड नाही असं कळलं तर तेही चांगलंच. कर्ज अजून घेतलेलं नसतं.

नोकरी मध्ये का हवी

मुंबई-पुण्यात जाहिरात संस्था आहेत, बँका आहेत, ई-कॉमर्स कंपन्या आहेत, परदेशी कंपन्यांची विश्लेषण केंद्रं आहेत. तिथे दोन वर्षं एक्सेल आणि डॅशबोर्ड सांभाळलेली मुलगी मास्टर्सच्या वर्गात ‘चर्न’ हा शब्द ऐकते, तेव्हा तिला तीन महिन्यांत सोडून गेलेले ग्राहक डोळ्यांसमोर दिसतात. मुलाखतीतही तिच्याकडे सांगण्यासारखं खरं काम असतं. आणि दोन वर्षांनंतर कदाचित तिला एमबीएच करावंसं वाटेल; मग मुंबईच्या जेबीआयएमएस या व्यवस्थापन संस्थेचा किंवा आयआयएमचा विचार करायला ती मोकळी असते. भारतातच सलग पाच वर्षं हवी असतील तर आयआयएम इंदूरचा २०११ पासूनचा आयपीएम हा बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यात गणिताची बाजू भक्कम असते आणि तीन वर्षांनंतर बाहेर पडायची मुभाही, फक्त तो व्यवस्थापनाचा सर्वसाधारण अभ्यासक्रम आहे.

न्यू जर्सीतल्या घरासाठी हिशेब वेगळा

अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक मुलांना व्हिसाची चिंता नाही, आणि आपल्या राज्याच्या विद्यापीठात फी बरीच कमी असते. त्यांनी फोर प्लस वन जरूर घ्यावं, गणित आवडत असेल तर. फक्त कर्जाचे नियम बघावेत. पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना सरकारकडून मिळणारी मदत, पहिल्या बॅचलर्स पदवीपर्यंतच मिळते. ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत आहे, आणि १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे त्यावरचं सरकारी कर्ज बंद आहे. पाचव्या वर्षाचा खर्च याहून जास्त असेल तर उरलेली रक्कम खासगी कर्जातून किंवा आईवडिलांच्या बचतीतून उभी करावी लागते. तेव्हा पहिल्या वर्षी प्रवेश घेतानाच आर्थिक मदत कार्यालयात जाऊन पाचव्या वर्षाचा अंदाज मागून घ्यावा.