भंगारात दिलेल्या गाडीचा दंड माझ्या नावावर आला

बाबांची गाडी 19 वर्षांची झाली होती. मी गाडी शिकलो ती तिच्यावरच, आणि बाबांना शेवटचं दवाखान्यात नेलं तेही तिच्यातूनच. दारांखालचा पत्रा गंजला होता, क्लच जड झाला होता आणि रोज सकाळी चालू केली की मागून निळसर धूर यायचा. विकायची, दुरुस्त करायची की भंगारात द्यायची, यावर घरात वर्षभर बोलणं चाललं होतं. आईला तिच्याकडे बघवत नव्हतं आणि तिला घालवावंसंही वाटत नव्हतं. अशा वेळी कुणी ठामपणे काही सांगितलं की सुटल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं.

सांगणारा आमचा नेहमीचा मेकॅनिक होता. "रिंगा गेल्यात, बोअर झिजलाय. इंजिन उघडलं तर गाडीच्या किमतीहून जास्त खर्च. आता हिच्यात जीव अडकवू नका," तो म्हणाला. रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, बोअर म्हणजे पिस्टन वर-खाली होतो ती नळी. मी कचरतोय हे बघून त्याने सकाळी पहिल्या प्रथम गाडी मागवली आणि माझ्यासमोर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजून दाखवलं. एक प्लग काढला, गेज लावला, पोराने स्टार्टर मारला. काटा 90 वर. चारही सिलिंडरला तेच. पेट्रोल इंजिन चांगलं असेल तर हा आकडा साधारण 150 पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आसपास असतो. आईला दाखवायला मी फोटोही काढला.

ही तपासणी कशी करतात ते मला फार उशिरा कळलं. इंजिन तापलेलं हवं, चारही प्लग एकाच वेळी काढलेले हवेत, बॅटरी भरलेली हवी आणि अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला हवा, म्हणजे हवा पूर्ण आत जाते. थंड इंजिनावर, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता मोजलं तर धडधाकट इंजिनही आजारी दिसतं. आणि चारही आकडे सारखेच कमी आले, तर आधी मोजण्याच्या पद्धतीवर शंका घ्यायची. आकडा खरंच कमी असेल तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा वर गेला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, नाही गेला तर व्हॉल्व्हचा (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेचा) किंवा हेड गॅस्केटचा (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, त्याखालच्या पट्टीचा). हे त्याने केलंच नाही.

धुराचंही तेच. आमची गाडी फक्त सकाळी धूर सोडायची, मिनिटभरात साफ. रात्रभर गाडी उभी असताना झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून (झडपेवरच्या रबरी टोपीतून) ऑइल खाली झिरपतं आणि चालू करताना जळतं. रिंगा गेलेली गाडी चढावर, वेग घेताना, दिवसभर धूर सोडते. सील बदलायला बऱ्याच इंजिनांत हेडही उतरवावं लागत नाही.

भंगारवाला मेकॅनिकच्याच ओळखीचा. त्याने वजनावर हिशोब केला. मूळ कागद घेतले, विक्रीच्या फॉर्मवर माझी सही घेतली आणि घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवलं. "कापल्याचा दाखला आठवड्यात आणून देतो," म्हणाला. त्या कोऱ्या जागेचा मला अजून राग येतो, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर होती.

दाखला आला नाही. मेकॅनिक म्हणायचा, येईल. चार महिन्यांनी वेगमर्यादा मोडल्याचा दंड माझ्या नावावर आला, सोबत फोटो. मागच्या डाव्या दारावर तीच खोक. कागदोपत्री मालक मीच. तिने कुणाला उडवलं असतं तर पहिली विचारणा माझ्याकडेच झाली असती, या विचाराने कित्येक रात्री झोप लागली नाही.

पोलिसांत लेखी तक्रार दिली, तेव्हा गाडी सापडली. घेणारा साधा माणूस, "घरची, जपून वापरलेली" म्हणून त्याच्या गळ्यात मारलेली. त्याने सील बदलून घेतले होते, इंजिन छान चालत होतं. फक्त आवाज फार आणि धुराच्या तपासणीत नापास, कारण विकण्याआधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या नळीतला, धूर स्वच्छ करणारा भाग) काढून घेतला होता. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महागडे धातू असतात. भंगारवाल्याने वजनाच्या हिशोबात त्याचा शब्दही काढला नव्हता.

तुमच्याही दारात अशी गाडी असेल तर निदान करणारा आणि घेणारा एकमेकांचे ओळखीचे नसावेत, एवढं आधी बघा. दुसऱ्या ठिकाणी, आधीचं मत न सांगता, तपासून घ्या. भंगारातच द्यायची ठरली तर दाखला हातात पडल्याशिवाय मूळ कागद सोडू नका, आणि नोंदणीतून नाव निघालं का ते स्वतः जाऊन बघा.

गाडी मी त्या माणसाच्या नावावर करून दिली. त्याच्याकडून परत मागावीशी वाटली नाही. तक्रार अजून चालू आहे. मेकॅनिक म्हणतो, मी नीट तपासलं होतं. आईसाठी काढलेला तो फोटो मी तक्रारीला जोडला आहे. त्यात गेज 90 वर आहे आणि शेजारचे तिन्ही प्लग जागच्या जागी बसलेले स्वच्छ दिसतात.