पितृपक्षाचा घरपोच डबा: चटणीला पाच तारे, वड्यांना दोन

सासऱ्यांच्या तिथीला यंदा पहिल्यांदाच स्वयंपाक बाहेरून मागवला. चार माणसांचा, शिवाय कावळ्याचं पान वेगळं. डबा साडेअकराला डोंबिवलीत दारात. खीर, उडदाचे वडे, गवार, भोपळा, अळूवडी, कढी, कांदा-लसूण नाही. आमसुलाची चटणी अशी, की जाऊबाईंनी बोटं चाटली. खीर मात्र पातळ आणि वडे गार, चिवट.

पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. राखाडी मानेचे दोन गावकावळे आले. एकाने वडा उलटापालटा केला आणि टाकून दिला! सासूबाई म्हणाल्या, "ह्यांना गार वडा कधी चालला होता का?" दहाव्याला घाटावर निदान दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात; गच्चीत ती सोय नाही. आम्ही चौघं उपाशी, घड्याळात दीड. शेवटी वडे तव्यावर गरम केले. काळाकुट्ट डोमकावळा आला आणि अख्खा वडाच घेऊन उडाला. सासूबाईंनी हात जोडले, डोळेही पुसले.

कावळ्याच्या पानाचे वेगळे पैसे लावतात, ते आधी विचारून घ्या. पुढच्या वर्षी डबा इथूनच, वडे घरी.